खालची पायरी

गावकारभार : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात घरकुलाच्या हप्त्यांवर लिहिता लिहिता सहज एक वाक्य लिहून गेले, की आमच्या गावच्या नदीघाटाला २२ पायऱ्या होत्या, आता ११ उरल्यात. हप्त्यांवर एकही पत्र आलं नाही. घाटावर मात्र पिशवीभर आली. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून, वर्धा नदीवरून, आणि एक तर थेट समुद्रावरून. तेव्हा या वेळी फक्त पाण्याकडे जाणाऱ्या वाटेचं.

नव्या वाचकांना आधीच सांगते, मी इंजिनियर नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मिळून ३१ वर्षं ग्रामसेविका होते (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच आहे). बांधकामातलं जे काही कळतं ते आमच्या मिस्त्रींच्या मागे मागे फिरून, आणि थोडंफार स्वतःच्या चुका निस्तरताना.

प्रश्न : आमचा घाट ऑगस्ट २०२० च्या पुरात गेला. दोन वर्षांनी नवीन बांधला. काँक्रीट चांगलं होतं, मी स्वतः उन्हात उभी राहून माल मोजून घेतला. तरी गेल्या पावसाळ्यात मधल्या पायऱ्या खचल्या, खाली माणूस शिरेल एवढं भगदाड पडलं. गावात म्हणतात ठेकेदारानं खाल्लं आणि मी खाऊ दिलं. खरं काय समजायचं?
— एक सरपंच, ब्रम्हपुरी तालुका

सरपंचताई, ठेकेदारानं खाल्लं असेल-नसेल, पण नदीनं नक्की खाल्लं. तुम्ही वर उभ्या राहून काँक्रीट पाहिलंत, नदी खालून माती पाहत होती.

घाट पूर चढताना सहसा पडत नाही. तो पूर उतरताना पडतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातून पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि आपल्याकडे वैनगंगा शेताशेतांतून फिरली, ते तुम्हाला सांगायला नको. त्या तीन-चार दिवसांत काठाची माती पाणी पिऊन फुगते. मग वरून विसर्ग कमी होतो आणि नदी झपाट्यानं खाली जाते. नदीतलं पाणी गेलं तरी काठाच्या पोटातलं पाणी तिथंच असतं. आतापर्यंत बाहेरचं पाणी काठाला टेकू देत होतं, तो टेकू निघाला, आणि आत भिजून जड झालेली माती घाटाला पाठीमागून रेटा देऊ लागली. त्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसेल, तर ते पायऱ्या ढकलून जागा करतं. तुमचं काँक्रीट जेवढं चांगलं, एकसंध आणि बंद, तेवढी पाण्याची कोंडी मोठी.

दुसरं कारण पायथ्याचं. पायऱ्यांच्या तोंडाशी प्रवाह वळतो, भोवरा धरतो आणि तळाची रेती उपसतो. शेवटची पायरी रेतीवर ठेवलेली असेल, तर ती आधी लोंबकळते, मग तुटते, मग तिच्या वरची. लोकांना मधल्या पायऱ्या खचलेल्या दिसतात कारण खालच्या पाण्याखाली असतात. आणि घाट म्हटलं की आता लोकांना रेतीघाटच (रेती उपशाची जागा) आठवतो, तोही इथं आडवा येतो. तुमच्या घाटाच्या खालच्या अंगाला पोकलेन लागत असेल, तर नदीचा तळ खाली जातो आणि खड्डा हळूहळू वरच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पायथ्याकडे सरकत येतो. रेतीघाटाचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा घाटापासून किती लांब उपसा, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी नको.

तिसरं कारण आपली माती. कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर थेट पायऱ्या ओतल्या तर त्या दरवर्षी थोड्या उचलल्या जातात, थोड्या बसतात. एखाद्या वर्षी तडा जातो आणि पुढच्या पुरात त्या तड्यातून पाणी आत शिरतं.

मग करायचं काय? काम खालून सुरू करायचं. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा पायथ्याची भिंत आधी, आणि ती रेतीवर नाही, रेती खणून खाली घट्ट मुरूम किंवा खडक लागेल तिथून. किती खोल, हे कार्यालयात बसून ठरत नाही. अंदाजपत्रकाआधी घाटाच्या तोंडाशी एक खड्डा खणून बघा, चार मजुरांचं एका दिवसाचं काम आहे. पायथ्यापुढं जाळीत बांधलेले मोठे दगड ठेवा. खालची रेती गेली तर जाळी वाकून खाली बसते पण तुटत नाही, काँक्रीटला हे जमत नाही. पायऱ्यांच्या खालची कन्हार काढून मुरूम भरा आणि थराथरानं दाबा, एकदम ट्रॅक्टरभर ओतून वरून पाणी मारणं म्हणजे दाबणं नव्हे. मुरुमाच्या पुढं गिट्टीचा थर, आणि भिंतीत पाणी निघायला पाइपाची छिद्रं, साधारण मीटर-सव्वा मीटरवर एक. छिद्राच्या आतल्या तोंडाशी गिट्टी हवी, नाहीतर पाण्याबरोबर मातीही बाहेर येते आणि आतून पोकळ होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती काठात आत वळवा. सरळ सोडल्या तर पूर कडेनं मागे शिरतो.

एक गोष्ट तर बहुतेक कुणीच पाहत नाही. गावातल्या रस्त्याचं पावसाचं पाणी कुठून नदीत उतरतं? नव्वद टक्के गावांत ते घाटाच्या रस्त्यानंच उतरतं, कारण माणसालाही आणि पाण्यालाही तीच सोपी वाट. सिमेंट रस्ता झाला की ते आणखी जोरात येतं आणि वरच्या पायरीच्या मागे घुसतं. वरच्या तोंडाशी आडवी नाली काढून ते बाजूला न्यायचं. तुमच्या पत्रात भगदाड वरच्या अंगाला की खालच्या, ते लिहिलेलं नाही. वरच्या अंगाला असेल, तर नदीला दोष देऊ नका, तुमच्या नव्या सिमेंट रस्त्याला द्या.

आता माझं पाप सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटणार नाही. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात घाटाच्या उतारावर मी पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. लाल-पिवळे. फोटो फार सुंदर आला. मिस्त्री म्हणाले होते, "मॅडम, हे अंगनातलं काम आहे जी, नदीतलं नाही." मार्चअखेर होती, निधी परत जाणार होता, मी सही केली. पहिल्याच पुरानं एकूण एक ब्लॉक उचलले. पुढची दोन-तीन वर्षं ते मला गावातल्या गोठ्यांत, न्हाण्यांत आणि एका कोंबड्यांच्या खुराड्याखाली दिसत राहिले. प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघायचे.

आणि हो, घाट निळ्या पूररेषेच्या आत येतो. ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधायचं तर जलसंपदा विभागाचं ना-हरकत पत्र आधी घ्या. त्या निमित्तानं त्यांच्या माणसाकडून पूर कुठवर चढतो ते आकड्यात मिळतं, जे गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो.

प्रश्न : आमी ढिवर लोक. डोंग्याकडे जायची वाट एका शेतातून आहे, आज्याच्या काळापासून. शेत विकलं गेलं. नव्या मालकानं काट्याचा तार ओढला आणि म्हणतो, सातबाऱ्यावर रस्ता दाखवा. आता दोन किलोमीटर फिरून जाळे वाहून न्यावे लागतात. आमच्या पोरायचं म्हणनं आहे का तार कापून टाकू. काय करावं?
— एक मच्छीमार, आरमोरी तालुका

भाऊ, पोरांना थांबवा. तार कापला की तुम्ही फिर्यादीचे आरोपी होता आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

पहिलं काम आजच करा. तार कोणत्या तारखेला ओढला ते लिहून ठेवा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांना वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा काढण्याचा अधिकार आहे, आणि त्यात शेतीबरोबर मासेमारीच्या जागेकडे जाणाऱ्या वाटाही येतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. "पाहू, दिवाळीनंतर करू" म्हणता म्हणता सहा महिने जातात, मी अशी तीन प्रकरणं डोळ्यांदेखत मेलेली पाहिलीत.

सहा महिने उलटले असतील तर दिवाणी न्यायालय आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो, की वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, विनाअडथळा वापरलेल्या वाटेचा हक्क तयार होतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षं. गावाच्या किंवा एखाद्या समाजाच्या रूढीनं चालत आलेला हक्कही त्यात वेगळा मानलेला आहे, तुमचं तसंच आहे. गंमत अशी, की हा कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि आपल्या मध्य प्रांतालाच लागू झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. म्हणजे वाटेच्या हक्कात आपण मुंबईच्या नऊ वर्षं पुढे होतो. बाकी कशात होतो ते मला विचारू नका.

सातबाऱ्यावर रस्ता दाखवा, हे म्हणणं ऐकायला बिनतोड वाटतं, पण वाट तिथं शोधायचीच नसते. गावनकाशा काढा. शिवाय आपल्या विदर्भातल्या गावांना दोन जुने कागद आहेत, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरकारी पडीक जमिनीतून गावाला काय काय मिळायचं, चराई, सरपण, माती, ते निस्तारपत्रकात. आणि खाजगी जमिनीतून जाण्या-येण्याची वहिवाट, पाणी, मासेमारी यांचे रिवाज वाजिब-उल-अर्जात. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, मालगुजाराच्या शब्दावर चालणाऱ्या वाटांचे मालक बदलले, तेव्हा हे कागद गावाच्या कामाचे ठरले. जमीन महसूल संहितेतही ते आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते. नाव नीट लिहून न्या, नाहीतर तरुण कारकून म्हणतो असा कागदच नसतो. मला एकानं "वाजीब भावाचा अर्ज आहे का?" असं विचारलं होतं.

नक्कल मिळाली की दाव्याआधी एकदा मालकाच्या घरी चहाला जा. सोबत म्हातारं माणूस न्या, पोरं नको. नव्या मालकाला बहुतेक वेळा वाटेचं वावडं नसतं, धानाच्या बांध्या तुडवल्या जातील ही धास्ती असते. तारेत सहा फुटी फाटक, रुंदी ठरवून दोन्ही बाजूंना दगड, आणि रोवणीपासून कापणीपर्यंत धुऱ्यावरूनच चालायचं, एवढ्यावर मिटतं. मिटलं तर तोंडी मिटवू नका. ग्रामसभेच्या ठरावात आणा आणि त्याची सही घ्या, कारण शेत पुन्हा विकलं जाईल.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. सासऱ्यांच्या दहाव्याला त्यांना घाटावर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. त्या दिवशी त्या जास्त कशानं रडल्या, देव जाणे. नवीन घाट होणार आहे. म्हाताऱ्यांना उतरता येईल अशा पायऱ्यांचं माप सांगाल का? आमचं कोण ऐकेल ते नंतर पाहू.
— एक सून, पवनी तालुका

माप सांगते, आणि कोण ऐकेल तेही.

पायरीची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच, याहून जास्त नको. ठेकेदार आठ-नऊ इंच धरतात कारण पायऱ्या कमी लागतात. पाय ठेवायची जागा घरात ३० सेंटिमीटर चालते. घाटावर ४० च्या वर ठेवा, कारण तिथं बाई ओले कपडे डोक्यावर घेऊन चढते आणि तिला पायाखालचं दिसत नसतं. सगळ्या पायऱ्या एकसारख्या हव्या. एकच पायरी इंचभर वेगळी निघाली तर माणूस नेमका तिथंच पडतो, मग तो रोज येणारा का असेना. दर दहा-बारा पायऱ्यांनंतर मोठा टप्पा, बसता येईल एवढा.

कठड्याचा पाइप जस्ताचा मुलामा दिलेला. पण नदीत पक्का कठडा म्हणजे पुराला जाळं लावणं. गवत, ओंडके, कुणाचा तरी मोडलेला डोंगा, सगळं त्यात अडकतं आणि कठड्याबरोबर पायरीचा तुकडाही निघतो. म्हणून खालच्या अर्ध्या भागात पायरीत खोबणी ठेवा आणि खांब काढता-घालता येतील असे करा. मृग लागला की काढायचे, दसऱ्याला घालायचे. ठेवायचे कुठं हेही आधी ठरवा, नाहीतर भंगारवाला ठरवतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी लागते. तुमचा काठ तीन मीटर उंच असेल तर ३६ मीटर. सरळ नदीकडे तेवढी जागा नसते, पण काठाच्या कडेकडेनं तिरपा नेऊन मध्ये एकदा वळवला तर बसतो. कार्यालयात "जागा नाही" म्हणतील. तेव्हा दोरी घेऊन जा आणि जागेवर मोजून दाखवा.

चकचकीत फरशी कुणी सुचवली तर भांडा. टाकीनं टिचलेला दगड किंवा झाडू मारून खरखरीत केलेलं काँक्रीट, बस.

कपडे बदलायला आडोसा मागायला विसरू नका. आराखड्यात छत्री असते, सेल्फीची जागा असते, कारंजंही मी पाहिलंय, नदीच्या काठावर कारंजं! आडोसा नसतो, कारण आराखडा काढणाऱ्यानं कधी नदीवर लुगडं बदललेलं नसतं.

कोण ऐकेल? महिला ग्रामसभा असते, तिचा ठराव मोठ्या ग्रामसभेसमोर ठेवावाच लागतो. तुम्ही आणि सासूबाई दोघीही जा. मागणी म्हणून लिहू नका, मापं लिहा. "ज्येष्ठांसाठी सोयी कराव्यात" हा ठराव फायलीत झोपतो, "पायरीची उंची १५ सेंटिमीटर" हा अंदाजपत्रकात जातो.

प्रश्न : घाटावरच्या शेवाळाला काय मारावं? ॲसिड टाकलं तर चालेल का?

नाही. ॲसिड शेवाळाबरोबर सिमेंटही खातं, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत दुप्पट शेवाळ येतं. कडक तारेचा ब्रश, रेती आणि दोन तरणे हात. ब्लीचिंग पावडर वरच्या पायऱ्यांवर चालेल, पाण्याजवळ नको, उन्हाळ्यात डोहात मासे असतात.

प्रश्न : मी मूळची वर्धा जिल्ह्यातली, सहा वर्षांपासून सिंधुदुर्गात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तुमचा अंक आई पोस्टानं पाठवते. आमच्या वाडीतून समुद्रावर जायची वाट वादळांत मोडली, आता प्रत्येकजण वाळूच्या टेकाडावरून वाट्टेल तिथून उतरतो. शेजारी एक रिसॉर्टही येतंय. शाळेतली मुलं विचारतात, बाई, वाट कोण करणार? मी काय सांगू?
— एक शिक्षिका

बाळ, समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, त्यातला एकदा गणपतीपुळ्याला आणि तोही गर्दीच्या मागून. पण तुझ्या पत्रानंतर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या अभियंत्याला धरलं, ते रत्नागिरीत होते. त्यांनी जे समजावलं त्यातलं मला पटलं तेवढं लिहिते.

आपली नदी गाळ आणून टाकते, तुझा समुद्र वाळू घेऊन जातो. किनाऱ्यावरचं वाळूचं टेकाड हाच वाडीचा बांध. त्याला धरून ठेवते ती मर्यादवेल, तीच जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटणारी. पायाखाली ती मरते, वाळू मोकळी होते, वाऱ्यानं उडते आणि तिथं खाच पडते. पुढच्या वादळात लाट त्याच खाचेतून आत येते. म्हणजे जिथून आपण समुद्राकडे गेलो, तिथूनच समुद्र आपल्याकडे येतो. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही नावं तुझ्या मुलांना पाठ असतीलच.

म्हणून टेकाडावर पायऱ्या कापायच्या नाहीत. खांबांवर उचललेली फळ्यांची वाट करायची, खालून वेल पसरेल आणि वाळू सरकेल एवढी उंच, दोन फळ्यांत फट ठेवून. ती समुद्राकडे सरळ नाही, थोडी वळवून न्यायची, म्हणजे वाऱ्याला बोगदा मिळत नाही. समुद्राकडचं टोक सुटं, पावसाळ्याआधी उचलून ठेवता येईल असं. साधे खिळे खाऱ्या हवेत लवकर गंजतात, स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले बोल्ट घ्यायचे, खर्च तिथंच करायचा. आणि एकच वाट. बाकी सगळ्या पायवाटा काटेरी फांद्या टाकून बंद करायच्या, एक-दोन पावसाळ्यांत वेल परत येतो. टेकाडाच्या अलीकडे, वाडीच्या बाजूला मात्र तुमची जांभ्याची पाखाडीच, म्हणजे दगडी पायवाटच चांगली. इतकी वर्षं ती टिकली कारण तिच्या दगडांतून पाणी जातं.

आता रिसॉर्ट. किनारा नियमन क्षेत्राची सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. दोन हॉटेलं किंवा रिसॉर्ट यांच्यामध्ये लोकांना समुद्रावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद जागा मोकळी सोडावी लागते, हे त्यात आहे. कुंपण पडल्यावर हे सांगून उपयोग कमी. प्रस्ताव आला की ग्रामपंचायतीनं लगेच लेखी कळवावं, की आमची वाट अमुक ठिकाणी, अमुक रुंदीची, नकाशा सोबत. तो नकाशा मुलांकडून काढून घे. टेप घेऊन मोजू दे त्यांना, गणिताचा तासही होतो. आणि तुमच्या वाटेलाही परवानगी लागेल, ती मागताना "फळ्यांची, खांबांवर, सुटी" असं स्पष्ट लिहा. काँक्रीट हा शब्द आला की प्रकरण लांबतं, आणि लांबावंच.

मुलांना सांग, वाट सरकार करेल, पण कुठून होती ते मुलांनीच दाखवायचं.

प्रश्न : नदीकडे जाणाऱ्या आमच्या वाटेचा ३०० मीटरचा तुकडा झुडपी जंगलात येतो. ग्रामपंचायत म्हणते हात लावता येत नाही.
— एक वाचक, गोंदिया जिल्हा

झुडपी जंगल हे आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचं जुनं दुखणं. झुडूप असो नसो, कागदावर जंगल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या जमिनी वनच मानल्या. पण हात लावता येत नाही, हे अर्धंच खरं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये रस्त्यासारख्या गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तुमचा हिशेब करा. ३०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे ०.०९ हेक्टर. ठराव घेऊन वनविभागाकडे जा. तोडायची झाडं शून्य येतील अशी वाट आखा, वळली तरी चालेल.

प्रश्न : घाट बांधायला आमदार निधी मिळतो, खासदार निधी मिळतो, पाटी लागते. दुरुस्तीला कुणीच देत नाही. मग दरवेळी पूर्ण पडायची वाट बघायची का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, सिंदेवाही तालुका

भाऊ, दुरुस्तीला पाटी लावता येत नाही ना! तुमचं निदान बरोबर आहे.

पण घाटाची दुरुस्ती फार महाग नसते, वेळेवर असते. सगळ्यात मोठं काम पुरानंतरच्या गाळाचं. पाणी उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत तो फावड्यानं आणि बादलीभर पाण्यानं सरकतो. आठवडा गेला, ऊन पडलं, की त्याची वीट होते, मग कुदळ लागते आणि कुदळीनं पायरीचे कोपरे उडतात. पाण्याची छिद्रंही तेव्हाच सळईनं मोकळी करायची. आमच्याकडे पोळ्याच्या आधी बैल धुवायला सगळे नदीवर जातातच, तेव्हाच हे काम लावून दिलंय. बैल कमी झालेत, पण माणसं अजून येतात.

दुसरी फेरी रोहिण्यांच्या आधी. फटी भरा, पायथ्याची जाळी तुटली असेल तर शिवा, आणि भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढा. वरून छाटलेला पिंपळ दुप्पट जोमानं येतो. पिंपळ काढायला लोक कचरतात. आमच्या मिस्त्रींनी त्यावर उपाय काढला, काढलेलं रोप शाळेच्या मैदानाच्या कडेला नेऊन लावायचं. आता तिथं सात पिंपळ आहेत.

पैशाचं म्हणाल तर गावविकास आराखड्यात "घाट देखभाल" अशी एक ओळ दरवर्षी लिहा. रक्कम किती का लहान असेना. ओळच नसेल तर वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशातूनही काही करता येत नाही. सिमेंटकाम निघालं तर मिश्र सिमेंट असताना किमान दहा दिवस, आपल्या उन्हात चौदा, गोणपाट ओलं ठेवा. नदी शेजारी असून पाणी न मारल्यानं फाटलेलं काँक्रीट मी आपल्याच विदर्भात पाहिलंय.

आणि एक वही ठेवा. आमच्या गावात ती डोंगा चालवणाऱ्या एका आजोबांकडे आहे. दर अमावस्येला पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतात, कोणती हलते, एवढंच त्यात असतं. त्यांना लिहिता येत नाही, नातू लिहितो. इंजिनियर आले की मी त्यांना आधी ती वही देते, नकाशा नंतर.

त्या वहीमुळेच आता एक दुरुस्ती छापावी लागतेय. ११ पायऱ्या उरल्या असं मी लिहिलं होतं, ते वाचून आजोबांनी निरोप पाठवला, "बाईले सांग, पायऱ्या गेल्या नाही, निजल्या आहेत." त्यांच्या जुन्या नोंदीत खालच्या पायऱ्या हलतात असं कुठंही नव्हतं. मागच्या रविवारी पाणी बरंच खाली होतं म्हणून आठ-दहा जणांनी गाळ खणला. चार पायऱ्या जशाच्या तशा निघाल्या, मालगुजाराच्या काळातले दगड, सिमेंटचा टिपूस नाही, नुसते एकात एक बसवलेले. तेव्हा ११ नव्हे, १५. सोळावीचा कोपरा सब्बलीला लागला, पण तोवर खड्ड्यात पाणी भरायला लागलं. मे महिन्यात पुन्हा उतरू.